हमरापूरच्या पद्धतीने पाव्हियाची फौज

माझं रेवदंड्यात झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. पुढे मशिन, पासपोर्ट फोटो आणि आधारचं लॅमिनेशन. मागच्या खोलीत, जिथे वह्यांचे गठ्ठे असायला हवेत, तिथे सोळाव्या शतकातली इटली. प्लायच्या एका फळीवर दीडशेच्या आसपास शिपाई उभे आहेत, एकेक जण माझ्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. गिऱ्हाईक डोकावतं आणि विचारतं, "ताई, हे गणपतीच्या आराशीचं का?" पूर्वी मी समजावत बसायचे. आता "हो" म्हणते.

पण पटावर लढाई खेळण्यासाठी अशी छोट्या शिपायांची फौज ज्यांना खरंच करून बघायचीय अशी चार-पाच पोरं आता अलिबाग-मुरुडकडून येऊ लागली आहेत, आणि त्यांना दरवेळी तेच तेच सांगून माझा घसा बसतो. म्हणून हे लिहून ठेवते.

सुरुवात 2019 च्या दिवाळीत झाली. पुण्याचा भाचा परदेशातून आणलेलं एक खोकं घेऊन आला. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले हात, पाय, टोप्या, तलवारी. "मावशी, तुझा हात गणपतीवर बसलेला आहे, एवढे 24 रंगवून दे ना." रंगवून दिले नाहीत ते नाहीतच. ते अजून माझ्याकडे आहेत आणि त्यांच्यासोबत आणखी सव्वाशे.

गणपतीचं म्हणाल तर ते खरं आहे. माझे मामा हमरापूरचे. पेणजवळचं ते गाव सगळं गणपतीच्या कारखान्यांचं. सहावीपासून मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे पीतांबर मारायला असायचे. कारखान्यात एक गणपती पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणीच रंगवत नाही. दोनशे मूर्ती ओळीने मांडलेल्या, आज सगळ्यांचं अंग, उद्या सगळ्यांचे पीतांबर, परवा उपरणी. मामा म्हणायचे, "एका बसणीला एक रंग. ब्रश धुवायला उठलीस की दहा मिनिटं गेली." फौज रंगवायची तर हेच. एकेक शिपाई हौसेने पुरा करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याकडे सात सुंदर शिपाई असतात आणि लढाई कधीच होत नाही.

कुठली लढाई, किती माणसं

रेनेसाँच्या फौजा म्हणजे साधारण 1494 ते 1559 ची इटलीतली युद्धं धरा. मला हा काळ आवडतो कारण एकाच पटावर सगळं सापडतं: चिलखती स्वार अजून आहेत, तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, बंदुका आलेल्या आहेत, आणि मधे लांब भाल्यांची रानं उभी आहेत. गंमत बघा, इंग्रजीत त्या भाल्याला पाइक म्हणतात आणि आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळातला माणूस. माझ्या तोंडी दोन्हींची सरमिसळ होते, इथे मी भालाच म्हणते.

आधी लढाई ठरवा, मग खरेदी. नाहीतर जे दिसेल ते घेत बसाल. मी इटलीतल्या पाव्हियाची घेतली: 24 फेब्रुवारी 1525, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस जिवंत पकडला गेला तो दिवस. ती घेण्यामागे हिशोब होता. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बाजूला जर्मन भाडोत्री, म्हणजे लांड्सक्नेख्ट, होतेच. पण फ्रान्सिसच्या पदरीही जर्मन भाडोत्र्यांची 'काळी तुकडी' होती. म्हणजे जर्मन भालाइतांचा एक चौक, म्हणजे चौकोनी तुकडी, रंगवला की झेंडा बदलून तो दोन्ही बाजूंना चालतो. गणवेश कोणालाच नाही, ज्याचे त्याचे कपडे. आमच्यासारख्या हात आखडून खर्च करणाऱ्यांना ही मोठी सोय आहे.

पहिल्या वर्षासाठी एवढं पुरे: भालाइतांचे दोन चौक 48-48 चे, 36 बंदूकवाले, 12 स्वार, 2 तोफा. मात्र पहिले 24 रंगवून होईपर्यंत दुसरं खोकं फोडायचं नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. न रंगवलेलं प्लॅस्टिक घरात साठलं की त्याचं ओझं होतं, आणि मग घरातली माणसं त्यावर बोलायला लागतात.

आकार 28 मिलिमीटरचा घ्या, असं मी म्हणेन. 15 चे स्वस्त पडतात, जागाही कमी लागते. 6 चे तर तांदळाएवढे, पण ते लांबून फार छान दिसतात. माझं वय सत्तेचाळीस. चाळिशीचा चष्मा लावूनही 15 वर बाहीची चीर दिसत नाही. संपला विषय.

माल बाहेरून मागवावा लागतो किंवा रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घ्यावा लागतो. बाहेरच्या पार्सलचा भरवसा नाही. माझं एक खोकं पाच आठवडे कुठल्याशा गोदामात पडून होतं आणि आलं तेव्हा जकात धरून दुप्पट किमतीला पडलं. प्रिंट करणाराकडे मूर्तिकाराने विकत दिलेली फाइल असेल तरच घ्या. हमरापुरात कोणी दुसऱ्याच्या मूर्तीवरून साचा काढला तर वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. इथेही नियम तोच धरा.

जोडणी

चौकटीतून सुटे भाग कापायला नखं काढायचा मोठा नेलकटर चालतो. कापल्यावर प्रत्येक पायावर, दंडावर, टोपीवर एक बारीक उभी रेघ दिसेल. दोन साचे जिथे जुळतात तिथली ही रेघ. गणपतीलाही ती येते, कानामागून खाली. तिथे आपण ती खरवडतो ना? इथेही कटरच्या पात्याची धार आडवी धरून खरवडा. कंटाळवाणं काम आहे, पण रंग चढल्यावर ती रेघ दुप्पट उठून दिसते. मग सगळ्यांना भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग फाटतो.

चिकटवायला फेविक्विक. इथल्या दमट हवेचा उपयोग होतो तो एवढ्याच कामाला, कारण फेविक्विक ओलाव्यानेच घट्ट होतं आणि पावसाळ्यात झटकन धरतं. पण थेंब मोठा पडला आणि शिपाई ठेवलेला डबा लगेच बंद केलात तर दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकवर पांढरी बुरी चढलेली असते. थेंब सुईच्या टोकावर घ्या आणि डबा उघडा ठेवा.

फटी बुजवायला आणि टोप्या-पिसं करायला एम-सील. दोन्ही वड्या सारख्या घेऊन एक रंग होईपर्यंत मळा, बोटं ओली ठेवा. अर्धा तास हातात आहे असं समजा. जर्मनांच्या पसरट टोप्या करायच्या तर मुगाएवढी गोळी चपटी करून डोक्यावर तिरकी बसवा आणि कडेला दाभणाच्या टोकाने चिरा द्या. पीस म्हणजे एक लांबट वळी, दोन्ही बाजूंनी पात्याने तिरपे काप. पहिली दहा पिसं केळफुलासारखी होतील. होऊ द्या, त्यांना मागच्या रांगेत उभं करा.

आता भाले, आणि इथे मी तुम्हाला थोडं अडवणार आहे. खोक्यात येणारे प्लॅस्टिकचे भाले जाडही असतात आणि पहिल्याच खेळात मोडतात. खरा भाला 5 ते साडेपाच मीटरचा. आपला 28 मिलिमीटरचा माणूस म्हणजे खऱ्याच्या साठाव्या हिश्शाचा, तेव्हा भाला 90 मिलिमीटरचा कापा. लोक हा भाला 60-70 चा करतात आणि मग तो चौक लाठीवाल्यांसारखा दिसतो. माणसाच्या उंचीच्या तिप्पट भाला हीच त्या फौजेची ओळख, तिथे हात आखडू नका.

मला वाटलं, वाडीत माड आहेत, हीर काय कमी आहेत? खराट्याचे बारीक, निमुळते हीर निवडून 48 भाले केले. फेब्रुवारीत ते असे देखणे दिसायचे की मी फोटो काढून भाच्याला पाठवले. जूनची पहिली सर आली आणि आठवड्याभरात अर्धे भाले समुद्रावरच्या माडांसारखे एका अंगाला झुकले. ऑगस्टमध्ये दोनांतून भुसा गळायला लागला. मग पोलादी तार आणली. खाडीच्या हवेने तिला दिवाळीपर्यंत तांबेरा चढला, रंगाखालून तपकिरी ठिपके वर आले. पितळी तार गंजत नाही, पण हात लागला की वाकते, आणि पोरांच्या तळहाताला टोचतेसुद्धा.

शेवटी उत्तर मिळालं अंगण झाडायच्या प्लॅस्टिकच्या खराट्यात. त्याच्या जाड केसांपैकी साधारण मिलिमीटरभर जाडीचे निवडा. वाकडे असले तर उकळत्या पाण्यात धरून सरळ ओढा आणि ताणूनच गार होऊ द्या. असल्या प्लॅस्टिकवर रंग टिकत नाही, म्हणून प्रत्येकावरून बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवा. टोकाला पक्कडीने चपटं करून तिरकं कापलं की पातं तयार. मुठीत हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने मिलिमीटरचं भोक पाडा, नुसत्या चिकटवलेल्यावर विसंबू नका. आणि पहिल्या चौकाचे सगळे भाले उभेच ठेवा. पुढच्या रांगेचे आडवे केलेले चित्रात छान दिसतात, पण समोरचा चौक येऊन भिडला की ते एकमेकांत अडकतात आणि निम्मा वेळ सोडवण्यात जातो.

अस्तर

स्प्रेचा डबा फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही दहाच्या पुढे, ऊन चढल्यावर. एरवी ब्रशने जेसो, म्हणजे अस्तराचा तयार रंग, लावा, पातळ करून, दोन हात. भडक कपड्यांच्या जर्मनांना पांढरं अस्तर द्या, कारण गणपतीसारखंच आहे, खाली पांढरं असलं की पिवळा आणि लाल पेटून उठतो. चिलखती स्वारांना काळं. त्यावर चंदेरी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश नुसता घासला की उंचवट्यावर लोखंड आणि खाचेत सावली आपोआप येते. बारा स्वारांची चिलखतं एका संध्याकाळी होतात. सोनेरी कुठे लावायचं असेल तर आधी खाली गेरूमिश्रित पिवळा. मुकुटाला जे करतो तेच.

रंग

दुकानात मी पोस्टर कलर विकते आणि तरीही सांगते, ते घेऊ नका. मी घेतले होते. पहिल्या बारा जणांचे कपडे अगदी मनासारखे झाले, मग वरून वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग, फिरवला आणि सगळे रंग त्यात उतरून बाराही जण चहात बुडवलेल्या पावासारखे झाले. पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की सुटतो. ॲक्रेलिकच हवेत. कॅमलच्या छोट्या बाटल्या पुरेशा आहेत, पाण्याने पातळ करून दोन हात द्यायची तयारी ठेवा.

ब्रश शून्याच्याही खालचे घेऊ नका. त्यांच्या टोकावर रंग येईपर्यंत सुकतो. एक नंबरचा चांगल्या टोकाचा गोल ब्रश सगळं करतो. मार्च ते मेमध्ये पंखा बंद ठेवा, आणि रंग स्टीलच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर, त्यावर रंग असा ठेवा. रात्रभर टिकतो. पावसाळ्यात याची गरजच नाही, उलट स्पंजला बुरशी येते.

रंग सहाच ठरवा: मोहरीसारखा पिवळा, विटकरी लाल, फिका निळा, मातकट हिरवा, साईसारखा पांढरा, काळा. त्या काळचा लाल आपल्या मंजिष्ठेच्या जातभाईच्या मुळापासून निघायचा, निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून, आणि त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. तेव्हा बाटलीतला रंग तसाच मारू नका, प्रत्येकात ब्रशच्या टोकाएवढा तपकिरी घाला. सगळे रंग एकमेकांचे सोयरे दिसायला लागतात. 24 जण ओळीत मांडा आणि पहिल्या बसणीला पिवळा, पण सगळ्यांना एकाच जागी नको. पहिल्याला डावी बाही, दुसऱ्याला उजवी मांडी, तिसऱ्याला काहीच नाही, चौथ्याला टोपी. दुसऱ्या दिवशी लाल, तोही असाच विखरून. सहा बसण्यांनंतर एकही माणूस दुसऱ्यासारखा नसतो आणि तुम्ही विचार असा काहीच केलेला नसतो.

रंगांचा अंदाज घ्यायला पाव्हियाच्या लढाईचे विणलेले मोठे पडदे आहेत, लढाईनंतर काही वर्षांतच केलेले. आज ते नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहेत आणि त्यांचे फोटो सहज मिळतात. मी ते ए-थ्रीवर काढून टेबलासमोर लावलेत.

या जर्मनांची खरी ओळख म्हणजे चिरलेले कपडे. वरचं कापड चिरायचं आणि आतलं अस्तर फुगवून बाहेर ओढायचं. नवख्यांचा हात इथेच थरथरतो, म्हणून एक बाही पूर्ण सांगते. फुगलेली डावी बाही, तिच्यावर चार उभ्या चिरा. सगळ्या बाहीला मोहरी-पिवळा, दोन पातळ हात. वाळल्यावर वॉश: एक थेंब गडद तपकिरी ॲक्रेलिक, सहा थेंब पाणी आणि सुईच्या टोकाएवढा भांड्यांचा साबण. साबणाने पाणी उंचवट्यावर गोळा न होता खाचेत पळतं. ब्रशने तो बाहीवर सोडा आणि हात काढून घ्या, घोळवू नका. पाऊण तास थांबा, पावसाळ्यात रात्रभर. मग पुन्हा तोच पिवळा, पण फक्त उंचवट्यांवर. आता चिरा. चिरेत थेट पांढरा भरायला गेलात तर कडा फाटक्या दिसतात. आधी प्रत्येक चिरेवर गडद तपकिरीची एक रेघ ओढा, चिरेपेक्षा केसभर रुंद. हात वाकडा गेला तरी चालेल. मग त्या रेघेच्या आत साईच्या पांढऱ्याची एक बारीक ओढ, वरून खाली, न थांबता, श्वास रोखून. दोन्ही कडांना तपकिरीचा धागा उरतो आणि तो वाकडेपणा सगळा पोटात घालतो. चार चिरांना मला आता अर्धं मिनिट लागतं. सुरुवातीला दहा मिनिटं लागायची आणि पाठ दुखायची.

झालं की शिपाई हातभर लांब धरून बघा. डोळ्याशी नेऊ नका. टेबलावर तो तीन फुटांवरूनच दिसणार आहे.

चेहरा म्हणजे कातडीचा रंग, तपकिरी वॉश, नाक-गालाडांवर पुन्हा फिका ठिपका. डोळे काढू नका. हे लिहिताना मलाच कसंतरी होतं, कारण आमच्या घरात आखणी म्हणजे सगळं. मूर्ती पूर्ण झाल्यावर शेवटी डोळे उघडायचे, आणि ते काम मामांशिवाय कोणी करायचं नाही; त्या दिवशी कारखान्यात रेडिओसुद्धा बंद. पण इथे डोळा अर्ध्या मिलिमीटरचा. काढायला जाल तर शंभर शिपाई भूत बघितल्यासारखे टकामका बघत राहतील. भुवईखाली वॉशची सावली राहू द्या, तीन फुटांवरून तोच डोळा वाटतो. मामा मागच्या मे महिन्यात आले होते. त्यांनी झेंडेवाला उचलला, खिडकीशी नेला, चष्मा वर करून बघितला. "डोळे राहिले गो." मी म्हटलं, एवढे लहान नाही काढत, मामा. ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर माझाच ब्रश घेऊन बसले. तो झेंडेवाला एकटा आता सरळ तुमच्याकडे बघतो, आणि बाकीचे 47 त्याच्यापुढे आंधळे वाटतात, ही आणखी एक पंचाईत.

एक सोपी सोय. पाव्हियाला सम्राटाच्या फौजेने रात्रीच्या अंधारात शिकारीच्या रानाची भिंत फोडली, तेव्हा आपली माणसं ओळखू यावीत म्हणून चिलखतावर पांढरे सदरे चढवले होते. बंदूकवाले रंगवताना याचा फायदा घ्या: अंगात साईचा पांढरा, त्यावर वॉश, पाय आणि टोपी काय ती रंगीत. 36 जण आठवड्यात उरकतात. तोड्याची वात विसरू नका. फिका दोर आणि टोकाला शेंदरी ठिपका.

बैठक, वाळू, झेंडे

बैठका 60 मिलिमीटर रुंद. खेळाच्या बऱ्याच नियमांना हे माप चालतं. मी 60 बाय 60 च्या तुकड्यावर आठ भालाइत दोन रांगांत बसवते, असे सहा तुकडे म्हणजे एक चौक. एमडीएफ घेतलंत तर कडांना फेविकॉलचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात फुगतं. सनबोर्ड हलका आहे पण वाळू लावली की धनुष्यासारखा वळतो.

वाळूचं माझ्याकडून ऐका. घरापासून समुद्र पाच मिनिटांवर, रेवदंड्याची वाळू छान काळपट आणि बारीक, म्हणून मूठभर आणून फेविकॉलवर पसरली. महिन्याभराने सगळ्या बैठकांवर मिठाची पांढरी फुलं उमलली, आणि दमट दिवसांत ती जमीन ओलसर लागायची. समुद्राची वाळू गोड्या पाण्यात तीनदा धुवून, उन्हात वाळवून, मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. लावल्यावर गडद तपकिरी, मग फिक्या मातीचा कोरडा ब्रश. पाव्हियाची लढाई फेब्रुवारीतली, तेव्हा हिरवंगार गवत नको. काथ्याचे बारीक तुकडे उभे चिकटवले की सुकलेलं गवत झालं.

झेंडे ही माझ्या धंद्यातली गोष्ट. लेझर प्रिंट काढा. इंकजेटची शाई फेविकॉल लागताच पसरते. साधा 75 जीएसएमचा कागद घ्या, जाड कागदाला घड्या पडत नाहीत. काठीभोवती दुमडून पातळ फेविकॉलने चिकटवा आणि ओला असतानाच पेनावर गुंडाळून लाटा द्या. कापलेल्या कडांना पांढरं दिसतं, तिथे जुळणारा रंग फिरवा. हाताने काढायचा असेल तर फ्रान्सिसच्या भाडोत्री स्विसांमध्ये झुरिचचा सगळ्यात सोपा, तिरकी रेघ मारून एका बाजूला पांढरा, दुसऱ्या बाजूला निळा. उरीचा पिवळ्यावर काळं बैलाचं डोकं. पोळ्याचा बैल काढता येत असेल तर तोही जमेल.

चौलची फौज, त्याच मापात

दोन वर्षांनी वाटलं, इटली कशाला, दारातच युद्ध झालंय. मुरुडचा रस्ता ज्या तटातून आत शिरतो तो पोर्तुगीजांचाच. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने इथल्या, म्हणजे तेव्हाच्या चौलच्या, पोर्तुगीजांना महिनोन्‌महिने वेढा घातला होता. पोर्तुगीज शिपाई म्हणजे पाव्हियाच्या बंदूकवाल्याचा पुढच्या पिढीतला भाऊ. टोपी बदला, चिरा कमी करा, झेंडा पांढऱ्यावर लाल क्रुसाचा. कोर्लईची एक बाई झेरॉक्सला आली होती, तिने तो झेंडा बघितला आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. त्या गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली घरात बोलतात.

निजामशाही माणसं तयार मिळणं अवघड. मी धडं वापरून एम-सीलचे जामे आणि पागोटी केली. रंगांसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातलं 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे हस्तलिखित बघा. तालीकोटच्या, म्हणजे 1565 च्या लढाईची चित्रं त्यात अहमदनगरच्याच चितारांनी काढलेली आहेत. हत्ती जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या जनावरांत मिळतो, खांद्याशी पाच सेंटिमीटरच्या आत असावा. फक्त पाकिटातला हत्ती बहुधा आफ्रिकेचा असतो. कान पंख्याएवढे आणि पाठ मधे खचलेली. कान कापून लहान करा आणि पाठीवर एम-सीलचा उंचवटा द्या. झूल घातली की कोणाला कळत नाही.

वॉर्निश आणि पावसाळा

मॅट वॉर्निशचा स्प्रे मी एकदा जुलैत मारला होता, ऊन पडलंय बघून. दहा मिनिटांत 24 जणांवर धुकं बसलं, सगळे राखेत लोळल्यासारखे. हवेतला ओलावा अडकतो त्यात. त्यांच्यावर ब्रशने चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिला तेव्हा बहुतेक धुकं विरलं आणि रंग परत वर आले. चकाकी घालवायला हिवाळ्यापर्यंत थांबले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर स्प्रेचे डबे कपाटात कुलूपबंद.

ठेवायला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला लोखंडी पत्रा आणि बैठकींखाली कॅलेंडरवाले लावतात तो रबरी चुंबक. पत्र्याला रंग मारून घ्या, नाहीतर गंज बैठकीला लागतो. सिलिका जेलच्या पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करून परत टाका. नवीन चपलांच्या खोक्यातल्या पुड्याही मी जमवते, आणि आता गल्लीतल्या सगळ्या बायका मला त्या आणून देतात. भाला निघाला तर त्याच भोकात पुन्हा बसतो, फेविक्विकची बाटली खेळाच्या टेबलावरच ठेवा.

या दिवाळीत भाचा फ्रेंच घेणार आहे, मी सम्राट. त्याचे स्विस अजून बारा कमी आहेत, आणि ते रंगवायचे अर्थातच मीच. अस्तर झालंय, कातडी झाली, पिवळा झाला. दुकान बंद करून जेवण उरकलं की आज लाल.